दाताखालचा जव

ओल्या फडक्यावर जवाचे शंभर दाणे ठेवून तीन दिवस झाले होते आणि मोड आले होते ते जेमतेम निम्म्यांना. कारखान्याच्या साहेबांनी फडकं टेबलावर तसंच उघडं ठेवलं. त्यांचा हिशेब सरळ होता: जव आत घेताना माल तपासणाऱ्या पारखींनी स्वतः दाणा चावून पाहिला होता, म्हणजे तो बिघडला गोदामात. तिथल्या बाईंनी ढीग वेळेवर खालीवर हलवला नसणार.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्या रोज हलवतात. पण त्यांना कामाला लागून दोन वर्षंही झाली नव्हती आणि पारखींची एकतीस झाली होती. पारखींच्या शब्दापुढे त्यांचं काय चालणार? नोकरी जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पारखी दाराशी उभे होते. ट्रक आला की पोत्यातला एक दाणा दाढेखाली धरायचा, ही त्यांची रीत. कट्कन फुटला तर माल कोरडा. मग माल्ट करायला जवाला मोड आणून भाजतात, तिकडे त्याची रवानगी. दबला तर ओला. ओला जव साठवला की तापतो, आतला जीव मरतो. तसला थेट गुरांच्या खाद्यात. ओल मोजायचं यंत्र कपाटावर खोक्यातच पडून होतं. ‘त्याला दात कुठायत?’ असं पारखी विचारायचे आणि सगळे हसायचे.

गेल्या वर्षी दात त्यांचेच गेले. कवळी बसवली, ती फक्त बायकोला ठाऊक. कवळीखाली सगळेच दाणे सारखे लागतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी ते ऐटीत चावत राहिले. सांगून टाका एकदा, असं बायको रोज म्हणायची आणि हे रोज उद्यावर ढकलायचे.

“बाईंची चूक नाही,” पारखी म्हणाले. “माल आला तेव्हाच ओला होता.”

“अहो, पण तुम्हीच तर चावला होतात,” साहेब म्हणाले.

पारखींनी तोंडातली कवळी काढून फडक्याशेजारी ठेवली. “वर्ष झालं,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “मला काही कळत नाही आता.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाईंनी कवळी उचलली, नळाखाली नीट धुतली आणि त्यांच्या हातात दिली.

“घाला काका,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. बाईंनी यंत्रात मूठभर जव ओतला आणि आकडा मोठ्याने वाचला. ड्रायव्हर मात्र नेहमीसारखा पारखींकडेच बघत राहिला. दाणा घेऊन त्यांचा हात सवयीने ओठांपर्यंत गेलाही होता.

“बाई सांगतायत ते,” पारखी म्हणाले आणि दाणा शर्टाच्या खिशात टाकला.