बाबांनी ठेवलेली अंडी

लाइट गेली तेव्हा ती आईसाठी चहा गाळत होती. आधी फ्रिजचा आवाज थांबला, मग मागच्या खोलीतल्या यंत्राची घरघर. आईने पुढे केलेला हात तसाच मागे घेतला.

"अंडी," आई म्हणाली.

मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र होतं. पिल्लं विकायचा बाबांचा धंदा वयाबरोबर आटत आटत या एका यंत्रावर आला होता. ही अंडी त्यांनी स्वतः मांडली, प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली आणि त्याच आठवड्यात झोपेत गेले. तेव्हापासून अंडी फिरवायचं काम आईने कुणाला करू दिलं नव्हतं. आता फिरवायचे दिवसही संपले होते. आज-उद्या कवचं फुटायची.

वाऱ्याने गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा केला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, "संध्याकाळ धरून चाला." नुकतीच जेवणवेळ टळली होती. संध्याकाळपर्यंत अंडी गार पडली असती.

जनरेटर मागे पत्र्याच्या शेडमध्ये होता. आईचा मोठा भाऊ, म्हणजे मामा, भेटायला म्हणून आला तो राहिलाच होता. बाह्या सरसावून तोच पुढे झाला. त्याने चोक पूर्ण ओढला आणि दोरीला हिसड्यावर हिसडे द्यायला लागला. इंजिन नुसतं फुसफुसलं.

"मामा, पेट्रोलचा वास येतोय."

"पेट्रोलच्या इंजिनाला काय मोगऱ्याचा येणार?" मामाने आणखी एक हिसडा दिला. "तुझ्या बापावर गेलंय. गोडीगुलाबीने ऐकायचं नाही."

"मग तू गोडीगुलाबी कधी केलीस?"

एअर फिल्टरच्या डब्यातून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. तिने मामाचा हात धरला. "थांब. ठसका लागलाय त्याला, आणि तू अजून पाजतोयस."

ठसका हा बाबांचा शब्द. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून बॅटरी धरायची, तेवढंच तिचं शिक्षण. तिने टाकीखालचा कॉक बघितला. त्याची बारकी कळ उभी होती, म्हणजे उघडी. तिने ती आडवी केली, प्लग काढला. तो ओलाचिंब निघाला. मग तिने ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं, पाण्यासारखं पातळ, आणि त्यालाही पेट्रोलचाच वास. आजच्या हिसड्यांनी एवढं होत नाही. पेट्रोल कित्येक दिवस आत झिरपत होतं.

"कॉक कुणी उघडा ठेवला?"

"माझ्याकडे बघू नकोस," मामा म्हणाला. "मी आल्यापासून इकडे पाऊलही टाकलेलं नाही."

"मी फिरवते," दारातून आई म्हणाली. "रोज."

आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. बाबा संध्याकाळी शेडमध्ये जायचे, इंजिन थोडा वेळ चालवायचे, शेवटी ती कळ फिरवायचे आणि उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपसूक थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

"दोरी काही मला ओढवत नाही. म्हटलं, निदान तेवढं तरी आपण करावं."

"कोणत्या बाजूला फिरवायचीस?"

"एक दिवस उभी, एक दिवस आडवी." आईने दोघांकडे बघितलं. "रोज फिरवायची म्हणजे तसंच होणार ना."

मामाने बोलायला तोंड उघडलं. भाचीने एकदा बघितल्यावर मिटलं.

"माझ्यामुळे झालं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण उद्या संध्याकाळी आई पुन्हा शेडमध्ये गेली असती. "आत एक सुई असते, ती पेट्रोल अडवते. तिच्याखाली कचरा अडकला असणार, म्हणून ते अडत नाही. तो काही तू टाकला नाहीस." तिने कॉक दाखवला. "पण कळ उघडी राहिली, म्हणून पेट्रोल उतरत राहिलं. ते तुझ्यामुळे."

आईने बोटातली अंगठी एकदा फिरवली. मग पदर खोचून खाली बसली. "मला काय धरायचं ते सांग."

आईने फडकं धरलं, तिने कार्ब्युरेटरच्या खालची वाटी सोडवली. पेट्रोल फडक्यात भसकन उतरलं. वर पितळी तरंगता गोळा होता, धड होता, कुठे चीर नव्हती. त्याला जोडलेली सुई तिने नखावर घेतली. टोकाला तपकिरी, चिकट कण बसला होता, मोहरीहूनही लहान. तो तिने पुसला, सुई बसते ते भोक साफ केलं, सगळं पुन्हा जोडलं आणि कॉक उघडला. तिघेही वाकून बघत राहिले. थेंब पडला नाही.

बिघडलेलं ऑइल काढून तिने नवं भरलं. प्लगची वायर दूर बांधून, प्लग न लावताच मामाला दोरी ओढायला सांगितली. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला. फवारे थांबेपर्यंत त्याने दोरी ओढली. दरम्यान आई आत जाऊन यंत्राच्या काचेला हात लावून आली.

"अजून कोमट आहे. पण कमीच."

ओलं सगळं पुसून, वास उडेपर्यंत थांबून तिने कोरडा प्लग बसवला. चोकला हात न लावता दोरी ओढली. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला, पुन्हा खोकलं आणि सुरात लागलं. मामा टाळी वाजवणार होता, पण बहिणीचा चेहरा बघून त्याने हात खिशात घातले.

यंत्रातला दिवा लागला. मामा झाकणाकडे वळला, तशी आई म्हणाली, "दादा, उघडायचं नाही. ऊब जाते."

रात्रीतून काही कवचं फुटली. बरीच फुटली नाहीत. ओली, वाकडीतिकडी पिल्लं सकाळी उठून धडपडायला लागली तेव्हा आईने त्यांना खोक्यात घेतलं, पण उरलेल्या अंड्यांना हात लावला नाही. लाइट परत आली होती, यंत्र चालू होतं. दुसरा दिवस तिने तसाच जाऊ दिला.

तिसऱ्या दिवशी आई टोपली घेऊन यंत्रापाशी बसली. एकेक अंडं उचलायची, कानाशी धरायची, मग टोपलीत ठेवायची.

"येतंय का काही ऐकू?" मामाने दारातून हळूच विचारलं.

"नाही," आई म्हणाली, आणि तिने पुढचं उचललं.