पाण्याखालचा उन्हाळा

ही गोष्ट सुरू होते सन १९३९ च्या दिवाळीत. मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे, नवेगाव बांधच्या तलावातला. फळ्या जोडून केलेली नाव नव्हे, काटेसावरीच्या एकाच खोडाचा, आतून निखाऱ्यांनी जाळून कोरलेला. मला कोरले ते उदाराम ढिवराच्या बापाने. पुढे मी उदारामचा झालो. तो माझ्यात बसून जाळे टाकायचा, शिंगाडे काढायचा आणि त्याची बायको अनुसयाबाई ते बाजारात नेऊन विकायची.

चैत्र लागला की उदाराम माझ्या पोटात दगड भरायचा आणि काठाजवळच्या पाण्यात मला बुडवून ठेवायचा. माझे लाकूड उन्हात वाळले की तडकते, पाण्याखाली मात्र वर्षानुवर्षे टिकते. तलाव पुन्हा भरू लागला की तो बुडी मारून दगड काढायचा आणि मला वर आणायचा. ती जपणूकच होती, पण फार एकटी जपणूक. वर सारसांची जोडी, धुणे धुणाऱ्या बायकांचे हसणे. खाली हिरवा अंधार आणि गाळ. माणसाचा शब्द कानी पडावा म्हणून मी झुरायचो.

तो शब्द मला खेमराजने दिला. धानाची शेती करणाऱ्या केशोरावांचा हा मुलगा नागपूरला कॉलेजात शिकत होता. दिवाळीच्या सुटीत घरी आला की त्याच्या खिशात फाउंटन पेन असायचे आणि तोंडात हॉकीच्या सामन्यांच्या गोष्टी. त्याला वकील व्हायचे होते. पण आदल्या वर्षी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तो उभा राहिला, बोलण्याच्या भरात ‘का’ऐवजी गावाकडचा ‘काऊन’ तोंडातून निघाला, सारे सभागृह हसले आणि भाषण अर्धेच टाकून तो खाली उतरला. आता जानेवारीत पुन्हा स्पर्धा होती. तिथे तोंड उघडले नाही तर न्यायालयात काय उघडणार, ही धास्ती त्याला पोखरत होती.

एके सकाळी तो काठावर आला.

“उदारामकाका, तलावाच्या मधी नेता का मले? भाषण म्हणून पाहाचं आहे. घरी सारे आयकतात.”

“अन् तिथं?”

“तिथं कोणी नाही.”

“मी काय बगळा आहो का गा?” उदाराम हसला. “बस. पण हालू नको, उलटशील.”

खेमराज बसला कुठे! भर तलावात तो माझ्या पोटात उभा राहिला आणि बोलू लागला. मुद्द्यावर आला की पाय आपटायचा. माझ्या अंगातून तो दणका पाण्यात जायचा आणि मासे सैरावैरा पळायचे. उदाराम आधी वैतागला. मग त्याचे लक्ष जाळ्याकडे गेले.

“थांबू नको बाप्पा, बोल! तुझ्या भाषणानं मासे जाळ्यात घुसून राहिले!”

त्या दिवसापासून जाळे कुठे लावायचे ते उदाराम ठरवायचा आणि भाषण माझ्या कोणत्या टोकाला उभे राहून करायचे तेही तोच सांगायचा. बाजारात अनुसयाबाई ओरडायची, “घ्या वो बाई, हे आजचे स्त्रीशिक्षणाचे मासे! कालचे ग्रामसुधारणेचे होते, ते बारीकच निघाले.”

सुटी संपायच्या आदल्या दिवशी खेमराज भाषण मध्येच सोडून खाली बसला.

“पुन्हा हसले तं, काका?”

“हसू दे ना. हसले म्हणजे आयकू तं आलं! मासे पयतात, माणसं हसतात. तू कायले थांबतं?”

स्पर्धा मी पाहिली नाही. संक्रांतीनंतर खेमराज आला तो थेट काठावर. “दुसरा आलो, काका. ‘काऊन’ निघालंच. हसले. पण मी थांबलो नाही.” त्याने उदारामच्या पायांना हात लावला आणि मग माझ्या टोकाला झेंडूची माळ बांधली. आजवर मला कोणी माळ घातली नव्हती. ती पाण्यात भिजून गळून गेली, पण तिचा भार मला पुढे कितीतरी दिवस जाणवत होता.

मग तो वकिलीच्या अभ्यासाला लागला आणि नवेगाव मागे पडले. सुट्या आल्या, गेल्या. उदाराम म्हातारा झाला. भर तलावात गेला की उगाच म्हणायचा, “बोल ना गा.” कोणाला म्हणायचा, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

१९४७ च्या चैत्रात त्याने मला बुडवले आणि पुढच्याच आठवड्यात तापाने गेला. अनुसयाबाईला तिची लेक दरेकशाला घेऊन गेली. वैशाखात बातमी कळताच खेमराज धावत आला. पाणी ओसरले होते, माझे टोक तेवढे वर दिसत होते. उन्हाळ्यात तो कायम नागपुरात शिकवण्या करत राहिलेला, मला बुडवून का ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याने कोणाला विचारलेही नाही.

“माझ्या काकाचा डोंगा असा बुडून पडला, अन् कोणाले काही नाही?” असे म्हणत तो रडला.

त्याने बैल जुंपून मला ओढून काढले, घासूनपुसून उन्हात वाळवले, माझ्यावर गवताचे छप्पर घातले आणि टोकाला पुन्हा झेंडूची माळ बांधली. मित्रांनो, एवढी माया मला कधी मिळाली नव्हती, आणि त्या मायेत मी आतल्या आत चिरत गेलो. नको म्हणायला मला तोंड नव्हते.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला सारा गाव काठावर जमला. भर तलावात माझ्यात उभे राहून खेमराज भाषण करणार होता. मला पाण्यात लोटले आणि टोकापासून बुडापर्यंतच्या भेगेतून पाणी आत आले. खेमराजला काही कळेना. त्या दिवसासाठी दरेकशाहून आलेली अनुसयाबाई गर्दीतून पुढे आली.

“वाळवला ना रे पोरा त्याले. तुझा काका त्याले पाण्यातच निजवत होता.”

त्या दिवशी भाषण झाले नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून माझ्या पोटात एकेक दगड भरला आणि मला पुन्हा पाण्याखाली निजवले.

अनुसयाबाई पुढे नवेगावलाच राहिली आणि हात चालत होते तोवर शिंगाडे विकत राहिली. खेमराज गोंदियाला वकील झाला. म्हणतात, न्यायालयात तो ‘काऊन’ बिनदिक्कत म्हणायचा. मी इथेच आहे, आता कोणी मला वर आणत नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल, त्याला काय सोसते ते आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्याजवळ राहिलेल्या माणसाला विचारा.

दिवाळीत कधी कधी खेमराज काठावर येतो आणि एकटाच बोलत बसतो. खाली आवाज पोचतो, शब्द कळत नाहीत. माझ्या भेगेत आता मासे राहतात. ते त्याला ऐकून पळत नाहीत.