शीवेईचा उजवा कौल

शीवेई गावच्या भूमीदेवाच्या देवळापुढे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. वादळ किनाऱ्याकडे निघाले होते, डोंगरावर काळे ढग उतरले होते, आणि सगळे गाव एका माणसाच्या हातांकडे डोळे लावून बसले होते. छाय गुरूंनी बांबूच्या बुंध्याच्या, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर अशा दोन लाल चंद्रकोरी कपाळाला लावल्या, डोळे पांढरे केले आणि फरशीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी. उजवा कौल. म्हणजे देवाचा होकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा उजवा. आणखी टाकल्या, तरी उजवाच. बायका पदराने डोळे पुसू लागल्या, म्हणजे पदर नव्हते, बाह्यांनी पुसू लागल्या.

"भूमीदेव म्हणतो, घर सोडू नका," छाय गुरू घुमत म्हणाले. "ओढा मी धरून बसलोय म्हणतो. पळायची पिशवी भरणारा माझा अपमान करतो म्हणतो."

त्या पिशव्यांचा ढीग देवाच्या चौथऱ्याखाली पडला होता. शीवेईवर दरड येऊ शकते, घरटी एक पिशवी भरून दाराशी ठेवा, असे जिल्हा कचेरीने बजावले होते. पाणी, बिस्किटे, विजेरी, औषधे, कागदांच्या प्रती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या यून-जूने घरोघर जाऊन त्या भरून घेतल्या होत्या. छाय गुरूंनी आठवड्याभरात त्या सगळ्या देवापुढे जमा करवल्या आणि बदल्यात दारावर चिकटवायला पिवळ्या कागदाचे मंतर दिले. त्याची दक्षिणा देवाला, म्हणजे कुणाला ते सांगायला नको. शिवाय परवा देवाची जत्रा होती. डुकराचा नैवेद्य, बाहुल्यांचा खेळ, देणग्यांचे ताट. गाव वरच्या शाळेत निघून गेले तर ताटात टाकणार कोण?

धोक्याचा लाल इशारा सकाळीच आला होता. सरपंच त्सेंग भोंग्यावर ओरडून ओरडून घसा बसवून घेऊन आता देवळाच्या पायरीवर हताश उभे होते. मागे लोकांना वर न्यायला आणलेले ट्रक रिकामेच उभे होते.

यून-जूची आई पहिल्याच रांगेत होती. तिचे घर ओढ्याच्या वळणावर, गावात सगळ्यात खाली. तिच्या हृदयाच्या गोळ्यासुद्धा त्या ढिगात होत्या.

"आई, ऊठ. ट्रक उभा आहे."

"देवानं राहा म्हणून सांगितलंय."

"देवानं नाही, छायनं सांगितलंय."

"गुरूचं नाव असं घेतात होय? शिकलीस म्हणून जिभेला हाड नाही उरलं तुझ्या."

यून-जूला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. ही म्हातारी खरोखरच त्या घरात जाऊन झोपणार होती. तेवढ्यात चंद्रकोरी पुन्हा फरशीवर पडल्या, आणि या वेळी यून-जूने त्या नीट पाहिल्या. घरच्या चंद्रकोरी टाकल्या की उड्या मारतात, गिरक्या घेतात, कोपऱ्यात पळतात. या पडल्या की थोडे डुलून बसत होत्या, जेवण झालेल्या माणसासारख्या.

ती उठली. "मलाही कौल लावायचाय."

कौल कुणीही लावावा, हा शीवेईचा जुना रिवाज. गुरूंनी चंद्रकोरी मागे घेतल्या, पण गर्दीतून आवाज आला, "लावू द्या की बाईंना. देव काय तुमच्या एकट्याचा आहे?"

यून-जूने चंद्रकोरी हातात घेतल्या आणि मोठ्याने विचारले, "देवा, माझ्या आईनं घरात राहावं का?"

उजवा कौल. छाय गुरू हसले.

"माझ्या आईनं घर सोडून वर शाळेत यावं का?"

उजवा कौल. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"देवा, हे छाय गुरू लबाड आहेत का?"

चंद्रकोरी पडल्या. एक पालथी, एक उताणी. मागून कुणीतरी फिसकन हसले.

"देव कोपलाय," गुरू ओरडले. "बाईची मस्करी करतोय तो."

"मग हातपाय धुवायच्या घंगाळात विचारू," म्हणत यून-जूने दोन्ही चंद्रकोरी पाण्यात सोडल्या. एक पालथी तरंगली. तिने ती बोटाने उताणी केली, तर आपणहून वळून पालथी झाली. दुसरी पालथी करून पाहिली, ती उताणी झाली. जितक्या वेळा उलटवावे तितक्या वेळा तेच.

आई पुढे आली. जन्मभर सुपारीच्या बागेत काम केलेली बाई. तिने कमरेची सुरी काढली, चंद्रकोर पायरीवर ठेवली आणि फोडली. आतून मासे धरायच्या गळाला बांधतात तसला शिशाचा गोळा गडगडत बाहेर आला. दुसरीतूनही निघाला.

"एकीला फुगीर पोटात भरलंय, एकीला सपाट बाजूला," यून-जू म्हणाली. "जड बाजू खाली जाणारच. म्हणून एक नेहमी उताणी, एक नेहमी पालथी. देव राहिला बाजूला, होकार शिसं देतंय."

छाय गुरू काहीतरी पुटपुटत मागल्या दाराकडे सरकू लागले. सरपंचांच्या अंगात एकदम बळ आले. "देवळातल्या खऱ्या चंद्रकोरी काढा रे. खरा कौल लावू, म्हणजे लोकांची खात्री पटेल."

"नाही," यून-जू म्हणाली.

"अहो बाई, आता तर खऱ्या आहेत."

"खऱ्या आहेत म्हणूनच नाही. त्या कधी हो म्हणतील, कधी नाही. नाही म्हणाल्या तर राहणार आहात का खाली? डोंगर भिजलाय, ओढा गढूळ झालाय, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय. त्यात बांबूच्या तुकड्यांना काय विचारायचं? माझ्या आईचं जगणं-मरणं मी फासे टाकून ठरवणार नाही."

आई वाकली, ढिगातली आपली पिशवी ओढून काढली आणि म्हणाली, "बघत काय उभे राहिलात? आपापल्या उचला. आणि देवालाही घ्या. त्याला कुठं पाय आहेत चालायला?"

सरपंच देवाची मूर्ती मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसले. त्याच ट्रकच्या कोपऱ्यात छाय गुरू अंग चोरून बसले होते. त्यांच्या मांडीवर त्यांची स्वतःची पिशवी होती, गच्च भरलेली, जरीच्या फडक्यात गुंडाळलेली. ती कुणी जमा करायला सांगितली नव्हती.

पहाटे ओढा आला. दगड, झाडे, चिखल सगळे घेऊन आला. दोन दिवसांनी आई आणि यून-जू खाली गेल्या, तेव्हा घरात छपरापर्यंत चिखल होता. दाराच्या वर पिवळा मंतर अजून चिकटलेला होता, थोडाही न फाटता. आईने आतल्या चिखलाकडे बोट केले.

"इथं माझी खाट होती," ती म्हणाली.

तिची देवावरची श्रद्धा अजून आहे, आणि यून-जू त्यावरून तिच्याशी भांडतही नाही. पण त्या गावात आता इशारा आला की कुणी कौल लावत नाही, ट्रकमध्ये चढतात. तुमच्याकडेही कुणीतरी आकाश, पाणी, धरणी मुठीत धरल्याचे सांगत येईल. त्याला नमस्कार करायचा तर करा, पण आधी त्याच्या हातातली वस्तू मागून घ्या आणि उलटी करून पाहा. द्यायला तो नाही म्हणाला, तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. तेवढे पाहिले की आपल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरा आणि वेळेत निघा.