जितोबाला दोन चमचे

काशीकाकीने फोडायला नारळ उचलला, तेव्हा धनेश धुरी स्वतःच्याच कुंपणाच्या दगडी गडग्याआड उकिडवा बसून थरथरत होता.

गडग्यापलीकडे, डोक्यावरचं ओझं टेकायला कोणे एके काळी बांधलेल्या कट्ट्यापुढे, वाडीतली तीसेक माणसं हात जोडून उभी होती. कट्ट्यावर एक पोखरलेला चिरा. चिऱ्याच्या खळग्यात बारीक खडे. खड्यांच्या मधोमध चिंचोक्याहून थोडा मोठा, करडा, चीर गेलेला एक दगड, आणि त्या चिरेतून वर आलेलं पिवळंधमक फूल.

दगड धनेशचा होता. म्हणजे तो दगड नव्हता, ते रोप होतं.

पण हे वाडीला ठाऊक नव्हतं. काशीकाकी सकाळी अकराला बाजाराला जाताना तिथे नुसता दगड होता. दुपारी येताना दगड उकलून फूल आलेलं. तिने मासळीची पिशवी आदराने लांब ठेवली आणि हाळी दिली. "सयंभू देव गो! दगड फुटलो नि आतसून फूल इलां!" अर्ध्या तासात वाडी गोळा झाली. ग्रामसभेला एवढी कधी झाली नव्हती.

"भायर जा नि सांग ना, माझां झाड म्हणान," मागून जानकी कुजबुजली. धनेशच्या भीतीशी तिचा संसार पस्तीस वर्षांचा होता, धनेशशीही तेवढाच.

"गप ऱ्हव गो! सत्यवानदादा येतासा."

"येवंदे. खाता काय तुका?"

"तेका काय सांगू? तुमी ज्येच्या पाया पडतास तां माझां रोप? वाळीत टाकतीत आपल्याक. आनि कस्टम?"

"खंयचा कस्टम?"

"अ‍ॅलन म्हणालेलो."

जानकीने कपाळाला हात लावला. "तुका भियाक कायव पुरता."

ते खरं होतं. धनेश एकोणतीस वर्षं शेतकी हापिसात शिपाई होता. रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजून साहेबांना आकडा सांगायचा, हे त्याचं मुख्य काम. एवढं काम असून तो साहेबांना घाबरे, साहेबांच्या कुत्र्याला घाबरे आणि पाऊस कमी पडला तर तो आपल्याच हातून सांडला असं कोणी म्हणेल, म्हणूनही घाबरे. उभं आयुष्य पाऊस मोजणाऱ्या या माणसाला नाद लागला तो मात्र पाणी सोसत नाही अशा झाडांचा. मागच्या पडवीत चाळीसेक कुंड्या होत्या. एकाच्या पानांना काचेच्या खिडक्या, एक माकडाच्या शेपटीसारखं केसाळ, एक नुसतंच सुरकुतलेलं. जानकी त्यांना "रोगट पोरां" म्हणे. जून ते सप्टेंबर धनेश त्या पोरांना कागदाने वारा घालत बसे.

सगळ्यांत लाडका हा दगड. नऊ वर्षांपूर्वी बोटीवरच्या अ‍ॅलनने आफ्रिकेहून नाताळाच्या कार्डात घालून त्याचं बी आणून दिलं आणि हसत म्हणाला, "धनेश, कस्टमाक कळला तर आपण दोगव आत हां!" अ‍ॅलन ते त्याच दिवशी विसरला. धनेश तेव्हापासून कस्टमची वाट पाहत होता. खाकी कपड्यांतला पोस्टमन आला तरी तो पडवीचं दार लावून घेई.

चाळीस रोपं उगवली, एक जगलं. महिन्याला दोन चमचे पाणी त्याला पुरतं आणि तिसऱ्याला ते कुजतं, हे बाकीच्या एकोणचाळिसांनी मरून शिकवलं होतं. घराभोवती माडांची सावली, म्हणून पाऊस सरला की तो चिरा धनेश रोज दहा वाजता, कोणी बघत नाहीसं पाहून, उन्हातल्या कट्ट्यावर नेऊन ठेवी. दुपारी जेवून तो पडला होता, आणि नेमकं नऊ वर्षांनी फुलायचा मुहूर्त त्या रोपाने साधला.

"हटा, हटा," सत्यवान गावकराचा आवाज आला. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. मागून दोघे तांब्याची घागर घेऊन. "आदी देवाक न्हाणूक व्हया. अकरा तांबे."

धनेशच्या डोक्याने जन्माच्या सवयीने हिशेब केला. अकरा तांबे म्हणजे महिना दोन चमच्यांप्रमाणे साठेक वर्षांचं पाणी. एका दमात.

पहिला तांब्या वर गेला.

पुढे काय झालं ते धनेशला नीट सांगता येत नाही. तो उठला एवढं खरं. गडग्यावरून उडी मारावी असं त्याने ठरवलं नव्हतं. गडग्याचे वरचे चार दगड ढासळले आणि त्यांच्याबरोबर तो पलीकडे गेला. मातीने भरलेला, केस विस्कटलेला, नखशिखांत कापत तो लोकांच्या मधोमध उभा राहिला आणि किंचाळला, "पा… पा… पाणी नको!"

सत्यवानाचा तांब्या हवेतच थांबला. माणसं दोन पावलं मागे सरली. काशीकाकीने तोंडावर पदर घेतला.

"अवसर! धनेशाच्या आंगात देव इलो गो बाय!"

नाही म्हणावं म्हणून धनेशने मान हलवली. पण कापणाऱ्या माणसाची मान हललेली कोणाला कळणार? उलट लोकांनी "घुमता, घुमता!" म्हणून हात जोडले. सत्यवानाने तांब्या खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो धनेशपुढे वाकला.

"म्हाराजा, तू कोण?"

धनेशची बोबडी वळलेली. खोटं बोलायचं तर धीर लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. "जि… जितो… जितो दगड," तो म्हणाला. जिवंत दगड, हेच त्या रोपाचं नाव होतं.

"जितोबा!" मागून कोणी तरी म्हणालं, आणि नाव पक्कं झालं.

"खंयसून इलंस, म्हाराजा?"

आता कस्टम, धनेशच्या मनात आलं. "आ… आफ्रिकेसून."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण देव लांबून येतात, यात नवीन काही नव्हतं.

"तुका काय व्हया?"

"ऊन."

"आनि पाणी?"

"म्हयन्याक दोन चमचे. तिसरो… तिसरो घालशात तर सगळा संपला!"

हे अशा काही रडवेल्या आवाजात आलं, की दोन बायका खरोखरच रडल्या. सत्यवानाने हात जोडून तिथल्या तिथे गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा जितोबा म्हाराजा! आज तू लांबच्या मुलखातसून आमच्या वाडीत इलंस. तुझो हुकूम तो आमचो हुकूम. दोन चमच्यांवर तिसरो जो कोण घालीत, तेका तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीस गळे म्हणाले.

धनेशला जानकीने धरून घरात आणलं. पाच वाजता गर्दी पांगली, तो धावत कट्ट्यावर गेला. ऊन उतरलं होतं. फूल मिटलेलं होतं. चिरा घरी न्यावा म्हणून त्याने हात घातला, तर समोरच्या घराच्या खळ्यातून चौघांनी एकदम विचारलं, "खंय नेतंस आमच्या देवाक?"

त्याने हात काढून घेतला.

नंतरचे दिवस देवावर जास्वंदीचा ढीग असायचा. त्याच्याखाली आपलं फूल उमलतंय की नाही, हे धनेशला गडग्याआडून दिसत नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी, वाडी जेवणात असताना, तो औषधाच्या बाटलीत पाणी आणि खिशात चमचा घेऊन निघाला. महिन्याचा दिवस भरला होता. कट्ट्याजवळ छत्री उघडून काशीकाकी राखणीला बसली होती.

"जेवलंस?"

"जेवलंय."

"काय होता?"

इथे "वरण" म्हटलं असतं तर काम झालं असतं. "बांगडो," धनेश म्हणाला.

"मगे लांब ऱ्हव. हात लावू नको. अवसर उतरलो, आता तू आपलो धनेश."

धनेश लांब राहिला. चपला काढून राहिला. "काकी, तेवडी फुलां बाजूक कर गो. माका बघूचा आसा."

तिने एकेक जास्वंद उचलली. खाली करडा दगड होता, तसाच घट्ट, तसाच ठणठणीत. त्याच्या चिरेत सुकलेल्या दोऱ्यासारखं काही तरी पिवळट लोंबत होतं. नऊ वर्षांत आलेलं फूल. धनेशने ते बराच वेळ पाहिलं. मग बाटली आणि चमचा कट्ट्याच्या कडेला ठेवला.

"तूच घाल. कडेन घाल, मधी नको."

काशीकाकीने डोकीवर पदर घेऊन मोजलं. "येक… दोन…" चमचा तिसऱ्यांदा बाटलीशी नेऊन ती थबकली. "धनेशा, येवडा ऊन पडलाहा. आनीक येक घालू? उपाशी ऱ्हवात देव."

"नको," धनेश म्हणाला.

काकीने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. तो कापत नव्हता. हात सरळ, आवाज सरळ. म्हणजे हे देवाचं बोलणं नव्हतं, नुसतं धनेशचं होतं.

तरीही तिने बाटलीचं बूच लावलं, चमचा पदराला पुसला आणि बांगड्याचा हात लागू नये म्हणून त्याच्यापासून वीतभर लांब, कडेला ठेवून दिला.