फदकच्या बागेचा प्रश्न

जवादच्या पत्राला वस्फींनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं. पत्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि दाढी करताना, रांगेत उभं असताना, कधी नमाजातसुद्धा, त्यातली वाक्यं आपोआप डोक्यात सुरू व्हायची.

'अबू बक्र सज्जन होते हे मी मानतो,' जवादने लिहिलं होतं. 'माझ्या घरात त्यांच्याविषयी वावगा शब्द निघत नाही, हे तुला ठाऊक आहे. खलिफा कोण व्हायला हवा होता, तेही आपण सोडून देऊ. तू फक्त एवढं कबूल कर, की फदकच्या बाबतीत त्या मुलीवर अन्याय झाला. एवढंच. मग मी जिबा गावाहून डोंगर उतरून तुझ्याकडे जेवायला येतो.'

दोघं समुद्रकाठच्या सैदा शहरातल्या सरकारी शाळेत बरोबर नोकरीला होते. वस्फी इतिहास शिकवायचे, जवाद अरबी. वस्फी सुन्नी, जवाद शिया. शिक्षकांच्या खोलीत चहा आला, की जवाद म्हणायचा, "काय उस्ताद, आज कोणाला गादीवर बसवलंत?" आणि वाद सुरू व्हायचा. पैगंबर वारले. अली आणि घरची माणसं देहाला अंघोळ घालत होती, आणि तिकडे मदिनेत एका छपराखाली चार माणसं जमून पुढारी निवडत होती. वस्फी म्हणायचे, माणसं फुटू नयेत म्हणून घाई करावी लागली. जवाद म्हणायचा, "घाई झाली, हे तूच म्हणालास. मी काही बोललो नाही." मग फदकची गोष्ट निघायची. फदकची खजुराची बाग आपल्याला वडिलांनी दिली आहे, असं पैगंबरांची मुलगी फातिमा म्हणाली. खलिफा झालेले अबू बक्र म्हणाले, पैगंबरांना वारस नसतो, त्यांचं मागे राहिलेलं सगळं समाजाचं. आणि दिली असेल तर साक्षीदार आण. इथे वस्फी लगेच म्हणत, "साक्षीदारांची हकीकत सगळ्यांना मान्य नाही." जवाद हसून कप खाली ठेवायचा.

निवृत्त झाल्यावर जवाद जिबाला गेला आणि तिथून हे पत्र आलं. वस्फी उत्तर लिहायला बसले, उठले, पुन्हा बसले. हो म्हणावं, तर एक वीट काढल्यावर सगळी भिंत कशी उभी राहणार? नाही म्हणावं, तर ते आपल्याला मनापासून वाटतं का? आणि आपण कोण हे ठरवणारे? शाळामास्तर. वर्षं गेली. जवाद आहे की नाही, हेही त्यांना आता नक्की माहीत नव्हतं.

त्या वसंतात पत्र पुन्हा डोक्यात घोळू लागलं ते धाकट्या भावामुळे.

मिस्बाह दर शुक्रवारी नमाजानंतर यायचा. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, आवाज दुकानाएवढाच मोठा. अंगणातल्या कडू संत्र्याच्या झाडांना बहर आला होता, आणि लमीस, वस्फींची एकुलती एक मुलगी, पसरलेल्या चादरींवर फुलं गोळा करत होती. दर वसंतात ती तांब्याच्या भट्टीवर फुलांचा अर्क काढायची. अर्ध्या गल्लीच्या मिठाया तिच्याच फुलांच्या पाण्यावर चालायच्या. संसार मोडून परत आल्यावर तिने हेच काम धरलं होतं.

"दादा, जागा मात्र सोन्यासारखी आहे," मिस्बाह खुर्चीत रेलून म्हणाला. "चार मजले सहज चढतील."

"झाडं आहेत," वस्फी म्हणाले.

"झाडांचं काय, गच्चीवर कुंड्यांत लावू." मग त्याने आवाज थोडा उतरवला, म्हणजे तो शेजारच्या घरापर्यंतच गेला. "आणि लमीसची काळजी तू करूच नकोस. तुझ्यानंतर ती काय रस्त्यावर येणार आहे? एक खोली तिला देऊच की आम्ही. मुलगीच आहे आमची."

लमीसने चादरीची टोकं गोळा केली आणि आत निघून गेली. मिस्बाहने हे प्रेमाने म्हटलं होतं, वाईट तेच होतं. सुन्नी कायद्याने एकट्या मुलीला अर्धा वाटा, उरलेला बापाच्या भावाला. अर्ध्या घराचे चार मजले होत नाहीत, म्हणजे लमीसचं अर्धंही जाणार. वस्फींना म्हणायचं होतं, 'घर तिचं आहे.' ते म्हणाले, "कॉफी घेशील ना?"

त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना. पुस्तकं काढून पुन्हा लावली. समुद्राकाठी फिरायला जायचे आणि अर्ध्यातून परतायचे. शेवटी मोहल्ल्याच्या मुख्तारने, अबू रियादने, त्यांना गाठलं. दाखले, सह्या, शिक्के ही त्याची कामं. कोणाच्या घरात काय शिजतंय हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं.

"उस्ताद, मुलगी एकच आहे ना? मग इतके का वाळताय? शिया व्हा."

वस्फी दचकले.

"कागदावर हो! मुली असलेले किती बाप करतात. मोठमोठी माणसं करतात. त्यांच्याकडे एकटी मुलगी सगळ्याची धनी. त्यांच्या धर्मगुरूंसमोर, सय्यदसाहेबांसमोर, दोन वाक्यं म्हणायची, सरकारी नोंद बदलून आणायची. भावाला तुमच्या मागे कळेल. तेव्हा तुम्ही भेटणार आहात का त्याला?"

"आणि माझ्या जनाज्याची नमाज? आपल्यात चारदा तकबीर, 'अल्लाहू अकबर', म्हणतात, त्यांच्यात पाचदा."

"तुम्ही काय तेव्हा मोजत पडणार आहात?"

वस्फींना हसू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. कारण 'भावाला तुमच्या मागे कळेल' हे ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं. मिस्बाहशी बोलावं लागणार नव्हतं. आयुष्यात त्यांनी कोणाशीच जोरात बोलून काही मिळवलं नव्हतं. जवादशीही ते वाद घालू शकले, तो वाद मेलेल्या माणसांबद्दल होता म्हणून. मग वाटलं, शिया झालो, तर जवादला काय लिहायचं? तू जिंकलास, चार भिंती आणि काही झाडांसाठी?

तरीही ते गेले. हारत सैदा या शिया वस्तीतल्या एका लहानशा कचेरीत काळ्या पगडीचा तरुण सय्यद बसला होता. तो त्यांना पाहून उभा राहिला, खुर्ची पुढे केली.

"बसा उस्ताद. माझे मामा तुमचे विद्यार्थी होते. कारण मी विचारत नाही, पुष्कळ लोक येतात. कलमा म्हणा आणि शेवटी माझ्यामागून एवढं म्हणा, की पैगंबरांनंतर अली हेच ईश्वराने नेमलेले वारस."

अबू रियादने घड्याळाकडे पाहिलं. वस्फींनी कलमा म्हटला. मग घसा साफ केला.

"याबाबत दोन मतं आहेत," ते म्हणाले.

सय्यदने समोरच्या कागदावरून मान वर केली.

"म्हणजे, गदीरच्या तळ्यापाशी पैगंबरांनी अलींचा हात उंचावला, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. प्रश्न असा, की त्याचा अर्थ..." बोलता बोलता त्यांचा उजवा हात फळ्याकडे वळावा तसा भिंतीकडे वळला. "एक बाजू म्हणते, ती नेमणूक होती. दुसरी म्हणते, प्रेमाची आज्ञा होती."

"उस्ताद," अबू रियाद दातांतून म्हणाला, "परीक्षा नाहीये ही."

"पण मला माहीत नाही ना," वस्फी म्हणाले. "इतकी वर्षं शिकवलं, पण मला माहीत नाही. माहीत नसताना ईश्वरासमोर कसं म्हणू?"

सय्यद हसला, पण टिंगलीने नाही. "उस्ताद, या कागदावर दोन्ही मतं लिहायला जागा नाही." त्याने कागद मिटून बाजूला ठेवला. "घरासाठी ना? मुलीला विचारलंत?"

मुलीला त्यांनी विचारलं नव्हतं.

बाहेर येताच अबू रियाद उखडला. "दोन वाक्यं! पोपटसुद्धा म्हणेल! माझी सकाळ फुकट घालवलीत!" वस्फींनी त्याची माफी मागितली, आणि घरी पोचेपर्यंत वाटेत आणखी दोनदा मागितली.

लमीस भट्टीपाशी बसली होती. नळीतून थेंब थेंब अर्क बाटलीत पडत होता. वस्फींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती कृतज्ञ होईल, निदान हसेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने जाळ कमी केला आणि वर पाहिलं.

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही धर्माच्या बाबतीत खोटं बोलायला निघालात, पण मिस्बाह अम्मोला एक वाक्य सांगायची तुमची हिंमत नाही?"

"तसं नाही, बेटा. त्याच्याशी भांडण..."

"तुम्ही गेल्यावर ते भांडण माझ्या दारात आणून ठेवणार होतात, बाबा. मातीवरून परतल्या परतल्या मी अम्मोसमोर कागद नाचवायचा? घर द्यायचं असेल तर आता द्या, तुम्ही बोलू शकता तोवर. नाहीतर राहू द्या. मी भट्टी कुठेही लावीन."

ती पुन्हा थेंबांकडे बघू लागली. वस्फी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग त्यांनी कोट घातला. "चल," ते म्हणाले. "तूही चल. एकटा गेलो तर मी खिळे विकत घेऊन परत येईन."

मिस्बाहच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. वस्फी ते जाईपर्यंत थांबले नाहीत; थांबलो तर गेलोच, हे त्यांना माहीत होतं.

"मिस्बाह, मी घर लमीसच्या नावावर करतोय. बक्षीसपत्र. अंगण, झाडं, सगळं. तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

मिस्बाहच्या हातात कुलूप होतं. ते त्याने गल्ल्यावर ठेवलं. "म्हणजे मी चोर?"

"नाही."

"ईश्वराने ठरवून दिलेला वाटा आहे माझा!"

"मी मेल्यावर. मी अजून मेलेलो नाही." वस्फी गल्ल्याच्या आणखी जवळ गेले. "जिवंतपणी आपलं कोणालाही देता येतं. तूही ते जाणतोस."

गिऱ्हाईक न मागितलेल्या बिजागऱ्या बारकाईने पाहत होतं. मिस्बाह आता लमीसकडे वळला. "आणि उद्या मी म्हटलं, की म्हातारा भ्रमिष्ट झालाय, पोरीने फूस लावून लिहून घेतलं? कोणाला आणशील साक्षीला? हां? सांग, साक्षीदार कोण आहे तुझा?"

लमीस वडिलांशेजारी उभी होती, फुलं खुडून बोटांची टोकं पिवळी पडलेली, आणि आपल्याच घराण्यातल्या माणसासमोर तिला आपल्या बापाचा शब्द खरा आहे हे सिद्ध करायचं होतं. वस्फींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना फदकची बाग आठवली. ही गोष्ट त्यांनी किती वर्गांना सांगितली होती. बाजू मांडल्या होत्या, मतभेद नोंदवले होते, कोणत्या ग्रंथात आहे आणि कोणत्यात नाही तेही सांगितलं होतं. तेव्हा फातिमाचा चेहरा कसा असेल, याचा विचार कधी केला नव्हता.

"तूच ये साक्षीला," ते मिस्बाहला म्हणाले.

"काय?"

"नोंदणी कचेरीत. मंगळवारी सकाळी. मी शुद्धीवर आहे की नाही, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार? नसेन, तर तसं सांग."

"चालते व्हा," मिस्बाह म्हणाला. मग गिऱ्हाइकावर ओरडला, "घ्यायच्यात की नाही त्या बिजागऱ्या?"

मंगळवारपर्यंत वस्फींना धड जेवण गेलं नाही. शंभरदा वाटलं, आपण भाऊ घालवला. शंभरदा वाटलं, निरोप पाठवावा की राहू दे. लमीसने पाठवू दिला नाही. कचेरीत डॉक्टरचा दाखला होता, अबू रियाद होता. तो रागावला होता, पण अशी गंमत चुकवणारा नव्हता. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. कारकून म्हणाला, "उस्ताद, बाहेरून कोणालाही बोलावू का?" वस्फी म्हणाले, "थोडं थांबा." तो दोनदा विचारून गेला.

मिस्बाह दुकानाच्याच कपड्यांत आला. कोणाला सलाम केला नाही. कारकुनाने त्याला विचारलं, की देणारा स्वखुशीने आणि शुद्धीत देतोय, याची तुम्ही साक्ष देता का?

"लिही, शुद्धीत आहे," मिस्बाह म्हणाला. "अक्कल त्याला लहानपणापासून नाही. ते लिहायला जागा असेल तर तेही लिही."

त्याने सही केली. जाता जाता लमीससमोर थांबला. "यंदा फुलांचं पाणी माझ्याकडे पाठवू नकोस," तो म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्यापुढच्याही नाही. वस्फी कॉफीची किटली दरवेळी मोठीच चढवत, आणि लमीस उरलेली ओतून देई.

अशाच एका शुक्रवारी, मिस्बाहच्या येण्याची वेळ टळल्यावर, ते टेबलाशी बसले आणि त्यांनी जवादला लिहिलं.

'तुझ्या पत्राच्या उत्तराला उशीर झाला, यावर काय लिहावं सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. त्या छपराखाली जमलेल्यांपैकी कोण बरोबर होतं, मला माहीत नाही. अबू बक्रांनी ती बाग स्वतःसाठी ठेवली नाही, हे मी अजूनही म्हणेन, आणि तुलाही ते मान्य असेल. साक्षीदारांच्या हकीकतीबद्दलची माझी शंकाही कायम आहे. पण वडिलांना माती देऊन फार दिवस झाले नसताना एका मुलीला स्वतःचा शब्द पटवून द्यायला उभं राहावं लागलं असेल, तर तिला दुखावलं गेलं. हो, अन्याय झाला. हे कबूल करून मी तुझ्या बाजूला आलो, असं समजू नकोस. मी कोणत्या बाजूला आहे, हे मला हल्ली नीट सांगता येत नाही. जेवायला ये. लमीस घरीच असते.'

वाचून पाहिलं तर 'हो, अन्याय झाला' हे वाक्य फार ठाम वाटलं. ते खोडावं म्हणून त्यांनी पेन उचललं. मग पेन ठेवून, विचार बदलायच्या आत, पाकीट चिकटवलं आणि घरातल्या चपलांवरच बाहेर पडले. टपाल कचेरीतल्या बाईने पत्ता वाचला. "जिबा. जवाद मुरूवा. घर नंबर नाही का?"

"गाव लहान आहे," वस्फी म्हणाले. "असेल, तर मिळेल."

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.