धबधब्याच्या वाटेवरची चिंधी

थोरलीचा गुडघा धरला आणि पाहुण्यांना धबधब्यावर न्यायचं काम धाकटीकडे गेलं. झालं होतं एवढंच, पण थोरलीला ते सलत होतं.

डोंगरावरच्या त्या थंड गावात दोघी जावा मिळून पाहुण्यांना खोल्या द्यायच्या. धबधबा दूर रानात, पायीच गाठायचा. धुकं उतरलं की स्वतःचा हातही दिसत नसे, म्हणून थोरलीनं जुन्या लाल चादरी फाडून वळणावळणावरच्या झाडांना चिंध्या बांधल्या होत्या. दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. ती गाठ तिचीच. धाकटीला ती कधी जमली नाही.

आता पाहुणे परत यायचे ते धाकटीचं कौतुक करत. ती गाणी काय म्हणते, दमलेल्याला हात काय देते! दरवर्षी येणाऱ्या शिक्षिकाबाईंनी तर न्याहारीला थोरलीच्या तोंडावरच सांगितलं की, एवढी मजा आजवर कधी आली नव्हती, आज पुन्हा जायचं. थोरलीनं हसून चहा ओतला. तो बशीत सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, तुझी पायपीट सुटली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहुणे आवरत होते तेवढ्यात, सरपणाचं निमित्त काढून ती लंगडत जिथे वाट फुटते तिथे गेली. उजवीकडे धबधबा, डावीकडे कडा. कड्याला कठडा आहे, फार तर फुकटची चाल पडेल, पाहुणे जरा कुरकुरतील, अशी मनाची समजूत घालत तिनं उजवीकडची चिंधी सोडून डावीकडे बांधली.

जेवणाची वेळ टळली. पानं मांडून ठेवली होती. धुकं खिडकीला टेकलं होतं, आणि थोरलीच्या तोंडून नामस्मरणही धड होईना.

ते आले. बाई थेट खोलीत गेल्या. धाकटी स्वयंपाकघरात येऊन बसली. तिचा तळहात सोलवटला होता. डाव्या वाटेनं गेल्याचं तिनं सांगितलं.

"कठडा होता ना तिथे?" थोरली म्हणाली.

"कधीच दरडीबरोबर गेला, ताई. तुम्ही इतक्यात गेला नाहीत. बाईंचा पाय घसरला. एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्यानं खडक."

"पण वाट तर तुला पाठ आहे. वळलीस कशाला?"

"गाठ तुमची होती." धाकटीनं तळव्यावर फुंकर घातली. "म्हटलं, ताईंनी बदललंय म्हणजे उजवीकडे काही धोका असणार."

थोरलीनं कोमट पाणी आणलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि धुऊ लागली.

"उजवीकडे काही नव्हतं," ती अखेर म्हणाली. "सगळे तुझंच नाव घेतात. मला ते बघवेना."

धाकटीचा हात पाण्यात तसाच राहिला. मग तिनं तो हळूच काढून घेतला. फडताळातलं स्वच्छ फडकं घेऊन ती एका हातानं तळव्याला गुंडाळू लागली. थोरलीनं गाठ मारायला हात पुढे केला.

धाकटीनं फडक्याचं टोक दातांत धरलं आणि आपली ढिली, वेडीवाकडी गाठ स्वतःच मारली.