तिसऱ्या ओळीतला खोकला

मी समहा बोलतेय. ओमानच्या वाळवंटातली, हुमैदच्या घरची उंटीण. समहा म्हणजे मोठ्या मनाची, चटकन माफ करणारी. नाव ठेवणाऱ्याने आधी माझी नीट ओळख करून घ्यायला हवी होती. बारा वर्षांपूर्वी एक पांढरी पिकअप माझ्या शेपटीला घासून गेली होती. तिचा आवाज मला अजून ओळखू येतो, आणि ती दिसली की मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते.

पण आज राग सांगायचा नाही, गाणी सांगायची आहेत. माणसांना वाटतं की सगळी गाणी माणसांसाठीच असतात. आमच्याकडे निम्मी गाणी आम्हा उंटांसाठी आहेत. पाण्यावर बोलावण्याचं वेगळं, वाट चालवण्याचं वेगळं, धार काढतानाचं वेगळं. गाणारे एकमेकांचं कौतुक करत बसतात, काय गळा आहे म्हणून. खरे ऐकणारे आम्ही. गाणं आवडलं तर चालायला लागतो, नाही आवडलं तर तिथेच बसतो. एवढा स्पष्ट अभिप्राय माणसं एकमेकांना देत नाहीत.

माझा जन्म थंडीतला, गाफच्या झाडाखालचा. मी धडपडत उभी राहिले आणि पहिलं गाणं कानावर पडलं ते तुफूलचं. तुफूल ही हुमैदची बायको. एका पायावर उभी राहून, दुसऱ्या गुडघ्यावर लाकडी वाडगा ठेवून, कपाळ माझ्या आईच्या कुशीला टेकवून ती हळू आवाजात गायची आणि धार काढायची. त्या आवाजाचा अर्थ एकच होता, हलायचं नाही. आईने मला सगळ्यात आधी तेच शिकवलं. तुफूलचा आवाज आला की चारही पाय वाळूत रोवायचे आणि चुपचाप रवंथ करायचा.

दुसरं गाणं हुमैदचं, पाण्यावर बोलावण्याचं. ते असं होतं:

ये गं, ये गं, लांब मानेची,
ऊन चढलंय, पाणी वर आलंय,
तुझ्यावाचून पोहरा रिकामा, ये गं, ये.

एवढंच गाणं. पण हुमैदला चिलीम ओढायची सवय होती. तिसऱ्या ओळीला 'तुझ्यावाचून' म्हणेपर्यंत त्याचा श्वास संपायचा. मग तो पोटातून दोनदा खोकायचा, एक जोरात आणि एक त्याच्या मागून बारीक, आणि पुन्हा 'तुझ्यावाचून'पासून सुरुवात करायचा. एकदाही चुकला नाही, म्हणजे एकदाही न चुकता चुकला.

तुफूल त्याला चिडवायची. "तीस वर्षं ऐकतेय रे. एकदा तरी ती ओळ धड पार कर!"

"तूच गा मग," हुमैद म्हणायचा.

"गाईन की. तुझ्यापेक्षा बरी गाते मी."

"तू गायलीस तर त्यांना वाटेल, धार काढायला आली. एक उंट जागचा हलणार नाही. दिवसभर गात बस."

मग दोघं हसायचे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. आमच्या लेखी खोकला हा त्या गाण्याचाच भाग होता.

मी वर्षाची होते तेव्हा मोठं वादळ आलं. वाळू अशी उडाली की मला माझेच पाय दिसेनात. आई कुठे गेली, कळप कुठे गेला, काही कळेना. दोन दिवस मी एका टेकडीच्या आडोशाला बसून राहिले. जीव जातोय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यातून काहीतरी ऐकू आलं. वाऱ्याने शब्दांच्या चिंध्या केल्या होत्या. तो हुमैद आहे की आणखी कोणी, ते समजत नव्हतं. मग एक जोराचा खोकला आला, आणि त्याच्या मागून एक बारीक. मी उठले आणि त्या दिशेने धावत सुटले.

त्या दिवसापासून ते माझं सगळ्यात लाडकं गाणं आहे. पुढे मी त्याच्याहून गोड गाणी पुष्कळ ऐकली. पण मेलेल्या पायांना उभं करणारं ते एकच.

आता माझी एक चूक सांगते. आमच्या जमातीचा तापल्या लोखंडाचा डाग सगळ्या उंटांच्या गालावर सारखाच असतो. त्याखाली प्रत्येक घर आपली वेगळी रेघ ओढतं. मला डाग देताना जमातीचा डाग झाला तोवर मी सहन केलं. रेघेच्या वेळी मात्र मान अशी हिसडली की ती रेघ फासली गेली. हुमैद म्हणाला, "असू दे. हिला कोण विसरणार आहे?" मला तेव्हा मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं.

वर्षं गेली. आई गेली, बहिणी गेल्या. हुमैदच्या आईने हौसेने वाढवलेल्या वंशातली मी एकटी उरले. मी गाभण होते त्या वर्षी हुमैदचा गळा दुखायला लागला. आधी चिलीम सुटली, मग गाणं सुटलं, आणि एक दिवस त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं ते चार महिने तो परत आलाच नाही. पाण्यावर कोणी बोलावेना. तुफूल एकटी कुठे कुठे पुरणार? त्यातच उत्तरेकडे पाऊस झाल्याचा वास आला आणि मी चालू लागले. पोटातलं पिल्लू हिरवं मागत होतं, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर, ज्या घरात ते गाणं नाही तिथे माझे पाय थांबत नव्हते.

तिकडे मला सुलैम भेटला. तो आमच्याच जमातीचा. त्याची गझाला नावाची उंटीण तीन वर्षांपूर्वी हरवली होती. रंग माझाच, वय माझंच, गालावरचा डागही तोच, आणि माझी फासलेली रेघ तर कोणालाच वाचता येत नव्हती. त्याने मला पाहिलं आणि तो माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

मी गझाला नाही हे सांगायचा मी खूप प्रयत्न केला. त्याच्या खांद्यावर थुंकलेसुद्धा.

"बघा, अजून रुसलीये माझ्यावर!" तो लोकांना कौतुकाने सांगत सुटला.

माणूस वाईट नव्हता. खजूर द्यायचा, सुकवलेली मासळी द्यायचा, ती आमच्याकडचे उंट आवडीने खातात. आणि गायचा तर असा की दूरदूरचे लोक त्याला लग्नाला बोलावायचे. मलाही आवडायचं. मी ऐकत उभी राहायचे. पण ते गाणं संपलं की घरी पोचल्यासारखं कधी वाटलं नाही.

माझ्या पावलांचा माग काढत तुफूल तिथे आली. पाहताक्षणी म्हणाली, "समहा!"

"ती गझाला आहे, बाई," सुलैम म्हणाला.

"हिच्या जन्माच्या वेळी मी हाताने हिला पुसलंय."

"आणि मी तीन वर्षं हिच्यासाठी रडलोय."

प्रकरण जमातीचे प्रमुख शेख मतर यांच्याकडे गेलं. म्हातारा शहाणा होता. त्याने माझ्या गालावरून बोट फिरवलं. "डाग आपलाच आहे. पण घराची रेघ कुठाय?"

"हिनेच मान हिसडली होती," तुफूल म्हणाली.

"असं तर कोणीही म्हणेल," सुलैम म्हणाला.

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच.

शेवटी शेखने निवाडा सांगितला. "उंटिणीच्या डोळ्यांवर फडकं बांधा आणि तिला मोकळ्यावर सोडा. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि आपलं गाणं एकदाच म्हणायचं. ती ज्याच्याकडे जाईल त्याची. पिल्लूही त्याचंच."

हुमैद येईपर्यंत चार दिवस सगळे थांबले. पाचव्या दिवशी सकाळी माझे डोळे बांधले. वारा पाठीमागून वाहत होता, त्यामुळे वासही कळायची सोय नव्हती. लोक जमले होते. कुठेतरी कॉफी उकळत होती.

आधी सुलैम गायला. असा गायला की माणसं वाहवा करायलाही विसरली. खोटं कशाला बोलू, मी दोन पावलं टाकली. गर्दीतून एक हुंकार आला. मग मी थांबले. ते ऐकायचं गाणं होतं, निघायचं नव्हतं.

"हुमैद, आता तू," शेख म्हणाला.

काहीच ऐकू आलं नाही. फक्त हवा सुटल्यासारखा एक आवाज. मी कान टवकारले. पुन्हा तेच.

"शेख, किती वेळ थांबायचं?" सुलैमने विचारलं.

तुफूल बोलली, "त्याला आवाज राहिलेला नाही. गळ्यातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी तोही कापला. त्याचं गाणं मी म्हणते."

"बाईने गायचं? एवढ्या पुरुषांसमोर?" कोणीतरी कुरकुरलं.

"ऐकायचंय उंटिणीला. तुम्ही कानात बोटं घाला."

शेख हसला. "म्हण, पोरी."

आणि तुफूल गायला लागली. "ये गं, ये गं, लांब मानेची..."

शब्द ओळखीचे होते. जीव धावायला निघाला. पण आवाज? आवाज धारेचा! तेरा वर्षांची शिकवण माझ्या पायांत भिनली होती. तुफूलचा आवाज, म्हणजे हलायचं नाही. माझे चारही पाय वाळूत घट्ट रुतले. मी आतून ओरडत होते आणि बाहेरून रवंथ करत होते. दुसरी ओळ संपली. तुफूलचा आवाज कापायला लागला. तिला कळलं होतं. इतकी वर्षं ज्याची चेष्टा झाली ते खरं ठरत होतं, आणि गाणं एकदाच म्हणायचं होतं.

"तुझ्यावाचून..." तुफूल म्हणाली, आणि तिला पुढचा शब्द फुटेना. ती थांबली.

आणि त्या थांबलेल्या जागेत एक खोकला आला. पोटातून, जोरात. त्याच्या मागून एक बारीक.

मुद्दाम की सवयीने, ते हुमैदला आजही सांगता येत नाही. गाणं त्या जागी आलं की त्याची छाती आपोआप खोकायची. डॉक्टरांनी आवाज नेला होता, खोकला विसरले होते.

मग मी कोणाची ऐकते! हंबरडा फोडला आणि सुटले. डोळ्यांवर फडकं, पोटात अकरा महिन्यांचं पिल्लू, आणि मी धावतेय! वाटेत कॉफीची किटली उडाली, कोणाची तरी चप्पल उडाली, माणसं 'अरे, अरे' करत बाजूला पळाली. मी थेट जाऊन हुमैदच्या मानेत नाक खुपसलं. त्याच्या गळ्याला पट्टी होती. त्याला बोलता येत नव्हतं. पण तो मला घट्ट धरून हसत होता, रडत होता, आणि तुफूल आम्हा दोघांना बुक्क्या मारत होती.

"मेल्या, आधी का नाही खोकलास!"

सगळे हसले. सुलैमने मात्र उडालेली किटली उचलून जागेवर ठेवली. मग त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "लोकहो, गाण्यात मी हरलो नाही. खोकल्यात हरलो!" असा हशा पिकला की शेखलाही बसावं लागलं.

जाताना सुलैमने विचारलं, "एकदा मानेवरून हात फिरवू?" हुमैदने मान हलवली. सुलैम जवळ आला. मी थुंकले नाही. उलट डोकं थोडं खाली केलं, त्याला पोचावं म्हणून. त्या दिवशी मी नावाला जागले.

आता मी म्हातारी झालेय. दात झिजलेत, खजूर भिजवून द्यावे लागतात. तेव्हाच्या पिल्लाला आता स्वतःचं पिल्लू आहे. हुमैदने चिलीम पुन्हा धरली नाही, त्यामुळे त्याला खरा खोकला येतच नाही. तरी रोज दुपारी तुफूल पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून गाते आणि तिसऱ्या ओळीला हुमैद दोनदा खोकतो, आमच्यासाठी. माझ्या लेकीला आणि नातीला तर वाटतं, गाण्याला बाईचा आवाज आणि पुरुषाचा खोकला असतोच.

गेल्या महिन्यात तुफूलच्या भाचीने हे गाणं मोबाईलवर घेतलं. खोकला काढून टाकला, छान स्वच्छ केलं आणि आम्हाला ऐकवलं. आम्ही तिघीही त्याकडे पाठ करून बसलो.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात कोणी गात असेल आणि रोज एकाच जागी चुकत असेल, तर त्याला सुधारायला जाऊ नका. कोणीतरी त्या चुकीला धरून घरी येत असेल.

पुरे झालं माझं बोलणं. ऊन चढलंय. तुफूलने पहिली ओळ धरली. माझी नात आत्ताच धावत सुटलीये, घाई आहे तिला. दुसरी ओळ झाली. मी म्हातारी, मी अजून बसलेय. माझी उठायची जागा ठरलेली आहे.

हां, खोकला. निघाले मी.